नाव नसलेल्या पुडीच्या मालकास

प्रति,
बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून संधिवाताची पांढरी पुडी विकणारे गृहस्थ,
मुक्काम : दर दिवशी वेगळा.

स. न. वि. वि. यांतला सप्रेम नमस्कार तुम्हाला घालायला माझे हात वळत नाहीत. विनंतीही तुम्हाला नाही, ती पत्राच्या शेवटी वाचणाऱ्यांना केली आहे. राहिलं विशेष, तेवढं तुमच्यासाठी.

तुमच्या पुडीवर नाव नसतं. तुमच्या ताडपत्रीवर पाटी नसते. वहीच्या फाडलेल्या कागदात पुडी बांधून तुम्ही एवढंच सांगता, "सकाळ-संध्याकाळ, दुधातून. तेल-आंबट बंद. तीन दिवसांत फरक नाही पडला तर पैसे परत." आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तुम्ही हेच सांगितलंत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं लुगडं पिळलं. त्या दिवशी घरात सगळ्यांनी तुम्हाला दुवा दिला, मीही दिला. तो मी या पत्रानं परत घेते आहे.

त्यांचं माहेर घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या पाण्यापलीकडे. लहानपणापासून पावसाळाभर अनवाणी भातलावणी केली, हिरडा गोळा केला. लग्न होऊन मंचरकडे आल्यावर कांदा-बटाट्याच्या रानात जन्म गेला. पन्नाशी उलटली तशी सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळेना. भाकरी थापायला बसल्या की पीठ हातातच राहायचं. वय झालं, हाडं झिजली, असं सगळे म्हणाले. पुण्याच्या डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात. यात शरीराची राखणदार फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. तिला आवरायचं तर फौजेचा जोर थोडा कमी करावा लागतो.

हे 'थोडा' तुम्ही नीट ऐका, कारण सगळं भांडण त्या शब्दाचं आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं, आठवड्यातून एकच दिवस, रविवारी. ही गोळी कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून त्यांनी कागदावर 'रविवार' लिहून त्याभोवती दोनदा गोल केला. त्याआधी छातीचा एक्स-रे काढला, काविळीच्या विषाणूंची तपासणी केली, यकृत पाहिलं. घरात कुणाला कधी क्षय झाला होता का, हेही विचारलं. सासरे तरुणपणी वर्षभर खोकत होते, इंजेक्शनं घेऊन बरे झाले होते. आम्ही ते सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतील, धीर धरा, दर महिन्याला रक्त दाखवा, ताप आला तर घरी थांबू नका.

पाचव्या आठवड्यात आत्याबाईंना तुम्ही भेटलात.

तीन दिवसांत उतार पडतो, तो तुमच्या जडीबुटीचा गुण नव्हे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी अशाच आमवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला एक नवं द्रव्य टोचलं. काही दिवसांतच ती चालायला लागली. ते कॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइड. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. पण त्याच काळात चेहरे चंद्रासारखे गोल होणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं आणि दबलेले जंतू वर येणं, हेही डॉक्टरांच्या ध्यानात यायला लागलं. म्हणून ते मोजून द्यायला शिकले, हळूहळू उतरवायला शिकले. स्टेरॉइडनं लाखो जीव वाचतात, त्या औषधाशी माझं वैर नाही. अशा बेनामी चूर्णांत डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं कुटून घातलेली देशभरातल्या डॉक्टरांना वेळोवेळी सापडलेली आहेत. तुम्ही त्यातला चमत्कार तेवढा उचललात आणि मोजमाप टाकून दिलंत.

मोजमाप म्हणजे काय ते सांगते. दिवसाला पंधरा मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन महिनाभर पोटात गेलं, तर दबलेला क्षय उसळण्याचा धोका डॉक्टर मोठा धरतात. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची एवढीशी गोळी प्रेडनिसोलोनच्या तीन मिलिग्रॅमहून जास्त भरते. अशा पाच गोळ्या दिवसाच्या पुड्यांत पडल्या की ती रेघ ओलांडली. आत्याबाईंनी तुमची पुडी आठ महिने घेतली, आणि रविवारची गोळीही घेतली. एक लगाम डॉक्टरांचा, त्यांना ठाऊक असलेला. दुसरा तुमचा, कुणालाच ठाऊक नसलेला.

आमच्या जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असतो हे शाळेतल्या पोराला कळतं. म्हणून अंधारात पाणी धरायला कुणी एकटं जात नाही. बॅटरी घेतो, मोठ्यानं बोलतो, मोबाइलवर गाणी लावतो. भीती असते, पण माहीत असते, म्हणून आपण जपतो. क्षयाचा जंतूही असाच दडून असतो. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर झालेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या जवळजवळ एकतीस टक्के लोकांत त्याचा संसर्ग आढळला. बहुतेकांना तो जन्मभर काही करत नाही, कारण शरीर त्याला कोंडून ठेवतं. कोंडणारी तीच फौज तुम्ही निजवलीत, आणि निजवली आहे हे कुणाला कळू दिलं नाहीत. आमच्या हातातली बॅटरी काढून घेऊन तुम्ही आम्हाला उसात पाठवलंत.

अशा वेळी उठणाऱ्या दुखण्यांना डॉक्टर 'संधिसाधू संसर्ग' म्हणतात. एकटा क्षय नव्हे. कांजिण्यांचा जुना विषाणू नागीण होऊन बाहेर येतो. तोंडात, घशात पांढरी बुरशी धरते. अनवाणी पायांच्या कातडीतून शिरणारा एक बारीक जंत असतो, तो वर्षानुवर्षं आतड्यात गप्प राहतो आणि स्टेरॉइड मिळालं की अंगभर पसरून माणूस मारतो. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या बाया अर्धं आयुष्य भातखाचरात अनवाणी उभ्या असतात. त्यांच्या हातावर पुडी ठेवताना त्यांच्या पायांकडे कधी पाहिलंत?

पहिले सहा महिने सगळं छान दिसत होतं. आत्याबाईंचा चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, तब्येत सुधारली. डॉक्टरही खूश झाले, त्यांना वाटलं रविवारची गोळी लागू पडली. चेहऱ्याची गोलाई त्यांच्या नजरेत आली होती. "आणखी काही घेता का?" त्यांनी विचारलं. आत्याबाई नाही म्हणाल्या. पुण्याच्या डॉक्टरांना सांगायचं नाही, ते रागावतात, असं तुम्हीच त्यांना बजावलं होतंत. मी शेजारी बसले होते, मीही बोलले नाही. तो दोष माझा आहे आणि तो मी तुमच्यावर ढकलत नाही.

मग संध्याकाळची कणकण सुरू झाली. अंग तापायचं नाही, नुसतं कसनुसं व्हायचं, कारण स्टेरॉइड तापही झाकतं. वजन उतरत होतं, पण अंगावरच्या सुजेत ते दिसत नव्हतं. एका सकाळी त्यांना धाप लागली. पुण्यात एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके, एकसारखे पसरलेले. डॉक्टर म्हणाले, याला मिलिअरी टीबी म्हणतात, बाजरीएवढ्या दाण्यांवरून ते नाव पडलंय. ज्या बाईनं उभा जन्म बाजरीच्या भाकरी थापल्या, तिच्या छातीत ती पेरल्यासारखी दिसत होती.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सविस्तर लिहिते. क्षयाची औषधं लगेच सुरू झाली. चौथ्या दिवशी आत्याबाईंचा रक्तदाब कोसळला. उलट्या, ग्लानी. जंतू रक्तात गेले की हृदय दमलं, कुणाला काही कळेना. तेव्हा मला तुमच्या पुड्यांचा डबा आठवला. जाऊबाईंना फोन केला, त्यांनी धान्याच्या कणगीमागचा डबा शोधला आणि माझा दीर मोटारसायकलवर साठ किलोमीटर तो घेऊन आला. डॉक्टरांनी पुडी उघडली, चेहऱ्याकडे पाहिलं, दंडावरच्या निळ्या डागांकडे पाहिलं आणि रक्तातलं कॉर्टिसॉल तपासायला पाठवून निकालाची वाट न बघता इंजेक्शन दिलं. बाहेरून इतके महिने स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देतं. रुग्णालयात पुडी बंद झाली होती. त्यात क्षयाचं रिफॅम्पिसिन हे औषध शरीरातलं उरलंसुरलं स्टेरॉइडही भराभर संपवतं. म्हणजे क्षय मारायला निघालेल्या औषधानं तुमचं गुपित उघडं केलं, आणि त्यात त्यांचा जीव जाता जाता राहिला. कागदावर औषधाचं नाव असतं, तर पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी ते सांभाळलं असतं. एक शब्द लिहायचा होता तुम्हाला.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. पुणे लांब, एका खेपेला दोघांची दिवसाची मजुरी बुडते, तालुक्याला आमवाताचा डॉक्टर नाही. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि त्यासाठी सरकारला वेगळं पत्र लिहायला हवं. १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना आमवात निघाला. २०११ च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगाव मिळून लोकसंख्या सहा लाखांच्या वर होती. त्या प्रमाणानं आमच्याकडे दोन हजारांच्या आसपास माणसं या दुखण्याची असावीत, त्यात बाया जास्त. नारायणगावला टोमॅटो निवडणाऱ्या, सातगाव पठारावर बटाटा वेचणाऱ्या. एवढ्या माणसांना जवळ डॉक्टर नाही, ही लाजेची गोष्ट आहे. ती गोष्ट हे तुमचं भांडवल झालं. जंतूला संधिसाधू म्हणण्याआधी तो शब्द तुम्हाला लावला पाहिजे.

आणि नकळत झालं असं म्हणू नका. २०२१ च्या उन्हाळ्यात काळी बुरशी महाराष्ट्रभर पसरली. कोरोनातून उठलेल्या, साखर वाढलेल्या, स्टेरॉइड झालेल्या माणसांचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनासाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. मे महिन्यात केंद्रानं प्रत्येक रुग्णाची नोंद करायला लावली. स्टेरॉइडनं काय होतं हे तेव्हा गावच्या पारावरही बोललं जात होतं. तुम्ही तेव्हाही पुड्या बांधत होतात. १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा संधिवात बरा करण्याची जाहिरातच करू देत नाही, आणि स्टेरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसतं तर नाव लपवलं नसतं.

आता विनंती, माझ्या दोन्ही तालुक्यांतल्या बायाबापड्यांना.

घरात अशी पुडी असेल तर आज रागानं फेकून देऊ नका. एकदम बंदही करू नका, आत्याबाईंचं काय झालं ते वर लिहिलंय. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ती टेबलावर ठेवा आणि किती दिवस घेतली ते सांगा. ते रागावले तर रागावू द्या. ज्यांची औषधं रीतसर चालू आहेत त्यांनी ती भिऊन सोडू नयेत, सोडलेला आमवात सांधे वाकडे करून जातो. औषध सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी मागून घ्या. दबलेला क्षय निघाला तर तो उठू नये म्हणून देण्याचं औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतं. खोकला, संध्याकाळची कणकण, अंगावर पाणीदार फोडांचा पट्टा, तोंडातला पांढरा थर, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि कुणाच्याही हातचं औषध घेताना आधी त्याचं नाव विचारा. नाव सांगत नसेल तर उठून या.

आत्याबाईंचे क्षयाचे उपचार वर्षभर चालले. स्टेरॉइड डॉक्टरांनी मोजून, महिन्यामहिन्यानं उतरवलं. आता त्या काठी घेऊन ओट्यापर्यंत चालतात, भाकरी मी थापते. तुमच्या डब्यात एकोणीस पुड्या उरल्या आहेत. मी त्या फेकलेल्या नाहीत. तक्रारीच्या अर्जासोबत द्यायला जपून ठेवल्या आहेत.

आंबेगाव तालुक्यातली एक सून