नळीने चढा, साधले घाटाने उतरा: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

पावणे एमआयडीसीत बसून बसून तुमच्या पाठीने खुर्चीचा आकार घेतला असेल, आणि वर्षभरात तुम्ही चढलेली सर्वांत मोठी चढण म्हणजे कंपनीचा जिना असेल, तोही लिफ्ट बंद होती म्हणून, तर अभिनंदन! हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला लागणारी सगळी पात्रता तुमच्यात आहे. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून निघायचं, कोकणकड्याला खेटून असलेल्या घळीतून साधारण हजार मीटर चढायचं, वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी साधले घाटाने उतरून पुन्हा बेलपाड्यात यायचं. जिथून निघालो तिथेच पोहोचण्यासाठी सबंध शनिवार-रविवार आणि दोन्ही गुडघे घालवायचे, एवढाच कार्यक्रम.

१. गट निवडा. व्हॉट्सॲपवर पोस्टर येईलच. वर कोकणकडा, खाली ‘चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, प्रथमोपचार’ आणि अगदी बारीक अक्षरांत ‘काठिण्य: मध्यम’. हे ‘मध्यम’ कोणाच्या तुलनेत, असं विचारू नका. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकाने नोंदणी करावी, माहीतगार माणसं सोबत द्यावीत वगैरे. त्याबद्दल तुम्ही विचारलंत, तर अंगठ्याचं चित्र येईल आणि पाठोपाठ गटातून तुमचं नाव जाईल. सुज्ञ माणूस एकच प्रश्न विचारतो: टी-शर्ट मिळणार ना?

२. बूट गुरुवारी संध्याकाळी घ्या. फोड शनिवारी ताजे येतात.

३. सराव करा. पावण्याच्या पाठीमागे पारसिकची डोंगररांग उभी आहे, निदान तिचा उरलेला भाग तरी. बराचसा डोंगर दगडखाणींनी फोडला, त्याची खडी झाली आणि ती नवी मुंबईच्या रस्त्यांत आणि इमारतींत गेली. म्हणजे तुम्ही रोज डोंगरावरूनच ऑफिसला येता. सराव झाला.

४. थोडा भूगोल. परदेशातल्या अवघड डोंगरवाटांची वर्णनं वाचाल तर तिकडे चुनखडीचे सुळके, पाण्याने विरघळलेल्या गुहा, अणकुचीदार कडे वगैरे असतात. आपल्याकडे चुना फक्त ड्रायव्हरकाकांच्या डबीत. सह्याद्री बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून झालेला. सगळे थर सारखे टणक नाहीत. मऊ थर आधी झिजतो, वरच्या कातळाचा आधार जातो आणि एक दिवस तो सुटून घळीत येतो. नळीतले खोलीएवढे धोंडे असेच आले आहेत. यायचे थांबले आहेत, असं कोणी लिहून दिलेलं नाही. हा परिच्छेद घरी आईला वाचून दाखवू नका.

५. बसमध्ये झोपू नका. कल्याण सोडून मुरबाड मागे पडलं तरी अंताक्षरी थांबता कामा नये. झोप झालेल्या माणसाला समोरचा कडा दिसतो आणि तो विचार करू लागतो. जागरण झालेल्याला काहीच दिसत नाही, तो निमूट चालतो.

६. बेलपाड्यात उशीर करा. गावातला वाटाड्या पहाटेच तयार होऊन अंगणात उभा असेल. पायांत साधी स्लिपर, हातात कोयता, पाठीवर तुमच्यातल्याच कोणाची तरी सॅक. “सायेब, ऊन तापायच्या आत नळीत शिरायला हवं,” असं तो म्हणेल. त्याला हसून हो म्हणा. मग पोहे, गटाचा फोटो, डोळे मिटले म्हणून पुन्हा गटाचा फोटो, एकमेकांची ओळख, त्यात आवडता पदार्थ. हे आटपून नऊ वाजता निघा.

७. आता नळी. इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचे सात-आठ तास दुसरं काही करता येणार नाही.

पाणी पाच लिटर घ्यावं असं जाणते सांगतात. तुम्ही दोन लिटर घ्या आणि वाचलेल्या वजनात ट्रायपॉड बसवा. घळ उन्हात भट्टीसारखी तापते. बरोबरच्यांकडे एक-एक घोट मागत जा, ओळखी वाढतात.

सुरुवातीला रान, मग कोरडा ओढा, मग धोंडे. एकावर चढायचं, दुसऱ्यावरून उतरायचं, तिसऱ्याखालून सरपटायचं. पुढे घसारा लागेल. त्यावर पाऊल वर टाकलं की माणूस खाली येतो. हताश होऊ नका. तुमच्या पायाखालून सुटलेला दगड तुमच्यापेक्षा जोरात खाली जातो आहे. दगड सुटला की ‘दगड!’ असं ओरडायचं असतं, म्हणजे खालचे बाजूला होतात. नवशिक्याने मात्र आधी तो कुठे जातो ते पाहावं, मग हळूच ‘सॉरी’ म्हणावं. हेल्मेट सॅकला बाहेरून अडकवा, फोटोत छान दिसतं.

मग येतो कातळटप्पा. नियम असा की दोन हात आणि दोन पाय यांतले तीन पक्के धरलेले असावेत आणि चौथाच हलवावा. आधुनिक पद्धतीत तीन डोंगराला, चौथा मोबाइलला. टप्प्यावर दोर एकच आणि माणसं पस्तीस. त्यामुळे तुमचा नंबर येईपर्यंत दीड तास एका ओबडधोबड दगडावर बसून पुढच्याच्या बुटाचा तळ पाहत राहावं लागेल. गुरुवारीच घेतलेला आहे; किमतीचं लेबल अजून चिकटलेलं दिसेल. हाताशी येईल ते गवत धरा. ते सुटून हातात आलं तर पुढचं धरा.

‘अजून किती?’ हे दर दहा मिनिटांनी विचारा. ‘हे काय, आलंच, वीस मिनिटं’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्यावर विश्वास ठेवा. खरा आकडा सांगण्याइतका निर्दय लीडर अजून जन्माला यायचाय.

८. अडकलात तर घाबरू नका. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर नावाची व्यवस्था आहे. फोन लागला, तर जवळच्या गिर्यारोहण संस्थांतली माणसं आपापली कामं टाकून, स्वतःचे दोर घेऊन रात्री डोंगर चढतात आणि तुम्हाला खाली आणतात. त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असतो: ‘इथे आलात कशाला?’ तुम्ही त्यांच्यासोबत सेल्फी घ्या. नावं विचारायची गरज नाही, टॅग करायला लागली तर पाहू.

९. कड्यावर पोहोचा. हातपाय सोललेले, ओठ सुकलेले, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत तुम्ही कोकणकड्यावर याल आणि समोर एक आजी चप्पल घालून कांदाभजी खात बसलेल्या दिसतील. त्या पाचनई गावाकडच्या सोप्या वाटेने आल्या आहेत. तिकडून अडीच तास लागतात. त्यांच्याकडे बघू नका. त्या तुमच्याकडे बघून ‘कुठून पडलास रे बाळा?’ असं विचारतील. उत्तर देऊ नका.

१८३५ साली कर्नल साइक्सला या कड्यावरून इंद्रवज्र दिसलं होतं: गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध स्वतःची सावली. त्यासाठी दरीत धुकं आणि पाठीशी ऊन लागतं. तुम्हाला दरीत धूर आणि पाठीशी तंबूंची रांग मिळेल. गोल वर्तुळ हवंच असेल तर रिंग लाइट आहे.

संध्याकाळी केदारेश्वराच्या गुहेत जा. पिंडीभोवती कंबरभर गार पाणी आणि चार खांबांपैकी धड उरलेला एक. तो पडला की जग बुडणार, अशी समजूत आहे. फोटोसाठी त्यालाच टेका.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्राण्यांना अभय मिळावं म्हणून स्पीकर इतका मोठा लावा की त्यांना लांब निघून जायला पुरेसा वेळ मिळेल. चांगदेवांनी याच गडावर तप केलं म्हणतात. शनिवार टाळला असावा.

१०. साधले घाटाने उतरा. उतार सोपा असतो, हे ज्याचे गुडघे अजून कड्यावरच राहिलेत त्याला समजावून सांगा. बेलपाड्यात पोहोचल्यावर वाटाड्याशी घासाघीस करा. पहिल्या टप्प्यावर त्याने तुम्हाला मनगट धरून ओढलं, दुसऱ्यावर खांद्यावर पाय द्यायला सांगितलं आणि सॅक तर सकाळपासून त्याच्याच पाठीवर होती, हे सगळं खरं. पण तो तर रोजच चढतो, त्याला काय त्याचं! शंभर रुपये तरी कमी करून घ्या. बुटांवर सहा हजार गेलेत.

११. सोमवारी ऑफिसला जा. रजा मागू नका, रजेने किस्से शिळे होतात. लिफ्ट बंद असेल तर गेटवरच थांबून फोनवर बोलत असल्याचं दाखवा. आणि कंपनीतलं शौचालय भारतीय पद्धतीचं असेल, तर बुधवारपर्यंत समोरच्या कंपनीत कोणाशी तरी ओळख काढा.