सूर्य नऊ ते पाच

महाराष्ट्रात सूर्याला अखेर सरकारी वेळापत्रक लागू झालं. सकाळी नऊला हजेरी, संध्याकाळी पाचला सुट्टी. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने 1 जुलै 2025 पासून हे पक्कं झालं: नऊ ते पाच वीज स्वस्त, पाच ते मध्यरात्र महाग. उद्योगांनी आपापली घड्याळं त्याप्रमाणे लावून घ्यावीत. पावसाळ्यात सूर्य बिनपगारी रजेवर असतो, पण मस्टरवर त्याची सही होत राहते.

कारखानदारांना घड्याळ लावून घ्यायची सवय आहेच. याआधी वर्षानुवर्षं नेमकं उलट चाललं होतं. रात्री दहा ते सकाळी सहा वीज वापराल तर युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी नऊ ते बारा वापराल तर 80 पैसे जादा, संध्याकाळी सहा ते दहा वापराल तर 1 रुपया 10 पैसे जादा. त्या दीड रुपयासाठी शिरोलीच्या फाउंड्र्या आणि जालन्याच्या स्टील मिल रात्र जागवत. मालकाने झोप सोडली, कामगाराने रातपाळी अंगवळणी पाडली. सोयरीक जुळवताना ‘मुलगा कायम रातपाळीला असतो’ हे मुलीकडच्यांना आधीच सांगून टाकायची रीत पडली. आणि आता रात्रीची सूट गेली. सकाळी नऊ ते बारा भट्टी पेटवणं हा कालपर्यंत गुन्हा होता, आज ते राष्ट्रकार्य आहे.

तशी आपल्या उद्योगाची दिनदर्शिका विजेनेच छापलेली. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, काय ही दत्तभक्ती! प्रत्यक्षात सगळ्या राज्याचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून भागाभागाला वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात यांच्या वाट्याला गुरुवार आला.

नव्या वेळापत्रकामागचं कारण खोटं नाही, हे कबूल केलं पाहिजे. दुपारी सौर वीज इतकी होते की घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा सूर्य घरी गेलेला असतो. केंद्राने जून 2023 मध्ये नियमच केला: सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी ठेवा, आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान 20 टक्के जास्त लावा. शास्त्र बरोबर आहे. चुकतंय ते फक्त गिऱ्हाईक.

कोल्हापुरातल्या खानावळवाल्याचंच घ्या. तांबडा-पांढरा ओरपायला माणसं येतात रात्री आठनंतर. एसी, फ्रीज, चिमणी सगळं तेव्हाच जोरात. त्याने काय करावं? दारावर पाटी लावावी, ‘रात्रीचे जेवण दुपारी साडेचारला मिळेल’? आईस्क्रीमवाला, नाट्यगृह, मंगल कार्यालय, जिम, या सगळ्यांचा धंदाच मुळी पाच ते बारा. गोरज मुहूर्तावर लग्न लावणाऱ्या भटजींनीही आता पंचांगासोबत दरपत्रक ठेवायला हरकत नाही.

छतावर पॅनेल बसवून शहाणे झालेल्या उद्योजकांची कथा आणखी निराळी. दुपारी त्यांनी ग्रिडला दिलेलं युनिट दुपारच्याच स्वस्त वापरातून वजा होतं. संध्याकाळच्या महागड्या युनिटवर त्याचा हक्क चालत नाही.

अशा वेळी देवासारखा धावून येतो बॅटरीवाला. लॅपटॉप उघडतो, हिरव्या रंगाचा आलेख दाखवतो. ‘मालक, दुपारची वीज साठवायची, रात्री वापरायची. एकदम सोपं!’ मालक जुन्या वळणाचे, ते कोटेशनच्या पाठीवर पेनाने हिशेब मांडतात. मूळ दर धरा युनिटला 8 रुपये. दुपारी 20 टक्के सूट मिळून 6 रुपये 40 पैसे. शंभर युनिट भरले, 640 रुपये झाले. बॅटरी आणि तिचा इन्व्हर्टर मिळून वाटेत दहा-बारा टक्के खातात, म्हणून रात्री हाती येतात समजा 88. त्यांचा महाग दर 9 रुपये 60 पैसे, म्हणजे साधारण 845 रुपये वाचले. नफा 205. त्यातून बॅटरीची किंमत, व्याज, विमा आणि तिला उकडू नये म्हणून लावलेल्या एसीचं बिल भागवायचं. हो, तिला एसी लागतो. भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराला पंखा आहे.

आणि त्या 88 युनिटांत होतं काय? इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात. म्हणजे एवढ्या खटाटोपात दीडशे किलो माल वितळला. ‘बाकीचं लोखंड काय फुंकणीनं वितळवू?’ असं मालक विचारतात, तेव्हा बॅटरीवाला पुढची स्लाइड लावतो.

सरकारची स्वतःची सोय मात्र झकास आहे. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज मुबलक असताना पाणी डोंगरावर चढवा, गरज पडली की खाली सोडा. फाउंड्रीवाल्याकडे डोंगर नाही. असलाच तर कर्जाचा आहे. मोठ्या साठवण प्रकल्पांसाठी केंद्राने 2023 मध्ये 3,760 कोटींचं साहाय्य मंजूर केलं, तेही शिरोलीच्या शेडपर्यंत येणारं नव्हे.

तरी हिशेब जमेल. बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, दुपार-रात्रीतला फरक वाढला तर काही वर्षांत पैसे सुटतीलही. अडचण आहे ती ‘काही वर्षांत’ या शब्दांपाशी. 28 मार्च 2025 ला आयोगाने पाच वर्षांचे वीजदर ठरवणारा आदेश काढला. महावितरणने हरकत घेतली आणि 2 एप्रिलला त्याच आयोगाने त्याला स्थगिती दिली. पाच वर्षांचा आदेश पाच दिवस चालला. मग 25 जूनला फेरविचाराचा दुसरा आदेश आला. दुधाची पिशवीसुद्धा फ्रीजमध्ये यापेक्षा फार कमी टिकते असं नाही.

बॅटरीची हमी दहा वर्षांची असते, बँकेचा हप्ता पाच-सात वर्षांचा. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी त्या हसतमुख विक्रेत्याला एवढंच विचारा की, दुपार महाग आणि रात्र स्वस्त असा आदेश परत निघाला तर हप्ता कोण भरणार? आणि उत्तर लेखी घ्या.