देवाणघेवाण

परदेशस्थ दात्यांच्या अनुदानावर आपल्याकडील संस्थांनी आंतरराष्ट्रीय भागीदारी वाढवावी, हा हेतू उदात्तच आहे; मात्र परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीपासून ती रक्कम, धारूरच्या संस्थेसाठी आलेली असली तरी, प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत हजेरी लावते, आणि पुढे शेजारच्या संस्थेच्या हाती त्यातील छदामही देण्याची मुभा नाही, यावरून भागीदारीचे स्वरूप ध्यानात यावे. दात्यांकडून येणाऱ्या पाहुण्यांना थंडी मानवते, म्हणून त्यांचे दौरे दिवाळीनंतर. आणि नेमकी तेव्हाच वडवणी-पाटोद्याकडील निम्मीअधिक गावे ऊसतोड मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर-बेळगावच्या फडांत पांगलेली असतात. फेटा, नारळ, दुभाष्या असा सर्व सरंजाम सिद्ध असताना 'लोकसहभाग' म्हणून ओसरीवरचे खोकणारे आजोबा तेवढे हाती लागतात, व छायाचित्रात तेच तीनदा येतात. वस्तुतः अर्ज नाही, अहवाल नाही, नवराबायको मिळून एक कोयता एवढ्या भांडवलावर परराज्याशी देवाणघेवाण करण्याची मुकादमाची योजना येथे बिनबोभाट चालू आहेच. तीत देणे कोयत्याकडे आणि घेणे इतरांकडे, इतकेच.