पोरगा आहे, म्हणून पगार नाही

दिवाळी सरली की शेवगाव तालुक्यातल्या कित्येक वस्त्या ओस पडतात. ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्याकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं.

त्यातली एखादी आजी श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेसाठी अर्ज करते. गावात त्याला ‘पगार’ म्हणतात. महिन्याला 1,500 रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात घर चालत नाही हे दाखला मागणाऱ्यालाही कळतं आणि देणाऱ्यालाही. पोराच्या अंगावर टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटायची असते, पण कागदावर तो कमावता. झालं, पगार नाही.

बरं, कमावता मुलगा आहे तर त्यानं आईला पोसावं. तसा कायदाही आहे, 2007चा, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल, फार तर आणखी 30. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत देववता येतात. मूलबाळ नसेल, तर जो नातेवाईक इस्टेट घेणार त्यानं सांभाळायचं. आणि लग्न झालेली लेकही यातून सुटत नाही. कल्याणच्या एका डॉक्टर लेकीला सर्वोच्च न्यायालयानं 1987 सालीच, जुन्या फौजदारी कायद्याखाली, हे सांगितलं होतं.

पण आई अर्ज करत नाही. पोटच्या पोराला कचेरीत उभं करायचं तिच्यानं होत नाही, आणि उद्या आजारी पडली तर दवाखान्यात नेणारा तोच असतो. तिचा हा संकोच मला कधीच चुकीचा वाटला नाही. चूक आहे ती तिच्या सहीवाचून काहीच न हलण्यात. कारण याच कायद्याच्या कलम 5मध्ये लिहिलंय की न्यायाधिकरण, म्हणजे हेच प्रांताधिकारी, स्वतःहून दखल घेऊ शकतं. आई असमर्थ असेल तर तिनं अधिकार दिलेला दुसरा कुणी किंवा एखादी संस्थाही तिच्या वतीनं अर्ज करू शकते.

मग ‘मुलगा कमावता’ या शेऱ्यानं जो अर्ज नामंजूर होतो, त्याची प्रत तहसीलमधून त्याच दिवशी प्रांतांकडे का जाऊ नये? दोन्ही कचेऱ्या एकाच महसूल खात्याच्या आहेत. प्रांतांनी पोराला बोलवावं आणि विचारावं. ऐपत असेल तर त्याच्याकडून देववावं. तो स्वतःच उचलीत बुडालेला निघाला, तर त्या चौकशीचा कागद जोडून आईचा अर्ज पुन्हा पगार मंजूर करणाऱ्या समितीपुढे ठेवावा. पोरगाही देत नाही आणि सरकारही देत नाही, अशी तिसरी वाट कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही.

याला नवा कायदा नको, नवा निधी नको. शेवगावच्या तहसीलदारांनी आणि त्या भागाच्या प्रांतांनी येत्या हंगामाची पहिली टोळी निघण्याआधी हे सुरू करावं.