घरात एक पुरे

मे महिन्यात अकोल्याचा पारा सत्तेचाळिसाला टेकला, की माणसं भिंतीची वीतभर सावली धरून चालतात. मला मात्र सावली फुकटात मिळाली, तीही नको असताना. आमच्या अमरावतीच्या घराच्या एका अंगाला दांडगा कडुनिंब होताच, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांनी तीन मजले चढवले. मधल्या दहा फुटांच्या पट्टीत ऊन येतं बारा ते साडेबारा. तिथं गुलाबाच्या काड्या झाल्या. शेवंती नुसतीच उंच झाली. मोगऱ्यानं तीन वर्षं पानं दाखवली आणि चौथ्या वर्षी तीही आवरली.

“मनीप्लांट लावा ना साहेब,” नर्सरीवाला म्हणाला. बँकेत बत्तीस वर्षं काढली, पैसा वेलीवर चढताना एकदाही पाहिला नाही. मनीप्लांट बाद.

मग एका इंग्रजी बागेची फिल्म पाहिली. दाट सावलीत पुरुषभर उंच दांडे, त्यांवर निळी टोपडी घातल्यासारखी फुलं, आणि झाड मुळापासून विषारी. तिकडच्या बायका हातमोजे घालून कौतुकानं वाढवतात. हा आपल्या बचनागाचा भाऊबंद. ठरलं, बचनाग! पण खरा बचनाग हिमालयाच्या थंडीत राहणारा. आमच्या उन्हाळ्यात त्याचा उभ्या उभ्या काढा झाला असता.

पातूरकडच्या माझ्या वर्गमित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “अबे, बचनाग ना? आपल्या धुऱ्यावर लय हाय. किती पाह्यजे?”

मराठीत एका नावाखाली दोन विषं नांदतात, हे मला तेव्हा कळलं. त्यानं कुपाटीतून खणून पेपरात गुंडाळून दिली ती कळलावी. हिलाच खड्यानाग म्हणतात, आणि काही ठिकाणी बचनागही. कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा, म्हणून संस्कृतात लांगली. आयुर्वेदानं तिला उपविषांत बसवलंय, धोतरा, कण्हेर आणि गुंजेच्या पंगतीला. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुईणी पूर्वी हा कंद वाटून लावत, त्यावरून कळलावी. पण आपल्याला कळ म्हटलं की आधी नारद आठवतो. बायकोनं नाव ऐकलं, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “घरात एक पुरे नाई का?”

पहिली कळ झाडानं मातीत जायच्या आधीच लावली. पुडकं मी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. सकाळी उठून पाहतो, तर परातीत रताळी धुतलेली आणि त्यांच्यात माझे दोन कंद, तेही चांगले घासून. कुकरचं झाकण तिच्या हातात. मी जो ओरडलो, तसा लग्नानंतर कधी ओरडलो नव्हतो. कळलावीचं विष शिजवूनही उतरत नाही. रताळं समजून हे कंद खाऊन माणसं दगावली आहेत. हे सगळं मी तिला समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग फळीवर कोनं ठेवलं?” परात, कुकर आणि रताळी यांच्यासकट सगळं बाहेर गेलं. उपवास भगरीवर झाला, बोलणं द्वादशीनंतर.

कंद आडवा लावला, कडुनिंबाच्या बुडाशी. आठवड्याभरात कोंब आला. या बाईचे पाय सावलीत लागतात आणि डोकं उन्हात, म्हणजे आमची पट्टी तिच्यासाठीच बांधलेली. चढायला तिला वेगळा दोर लागत नाही, पानाचं टोकच शेपटीसारखं लांबतं आणि वळतं. एकदा मी खराटा भिंतीला टेकवून ठेवला, दोन दिवसांनी उचलायला गेलो तर पानानं दांड्याला दीड वेढा घातलेला. श्रावण संपेतो ती भिंतीच्या वर गेली होती, शेजाऱ्यांकडे डोकवायला.

मग शेजारी आले. मी विषाची माहिती पाठ करून ठेवली होती, हातमोजे दाखवायला तयार होते. पण विषाचं कोणी विचारेच ना. “घरात भांडणं होतात म्हणे हिनं,” एवढीच चौकशी. त्यांच्या फाटकापाशी पिवळी बिट्टी आहे, तिच्या बिया पोरं खेळायला घेतात. महादेवाला धोतरा आणि कण्हेर तर आपण हातानं तोडून नेतो. विष चालतं, नाव तेवढं सरळ हवं. तामिळनाडूनं हिला राज्यफूल केलं, झिम्बाब्वेनं राष्ट्रीय फूल. महाराष्ट्रानं ताम्हण निवडलं. कोणाच्या घरात कटकट नको.

अकोल्याहून मामाजी, म्हणजे माझे सासरे, खास तिला उपटायला आले. कृषी विद्यापीठ अकोल्यात असल्यामुळे झाडांचा शेवटचा शब्द आपला, असं ते १९६९ पासून धरून आहेत. “जावईबापू, हे लावायचं झाड नोहे. सांगून रायलो.” सांगताना पाय मात्र खुर्चीवर, कारण अंगठा गाउटनं टम्म सुजलेला. मी त्यांच्या गोळीचं पाकीट उलटून पाहिलं. कोल्चिसिन. कळलावीचं विष ते हेच. तामिळनाडूत शेतकरी कळलावीची शेती करतात आणि बी औषधांसाठी विकतात. मामाजींनी चष्मा लावून पाकीट दोनदा वाचलं, वेलीकडे पाहिलं, पुन्हा पाकीट वाचलं.

“म्हंजे मी वर्षभर हेच खाऊन रायलो?”

“डॉक्टरांनी मोजून दिलंय तेवढंच, मामाजी. वेलीला हात लावायचा नाही.”

भाद्रपदात पहिलं फूल उमललं. कळी हिरवी, खाली मान घातलेली. मग सहाही पाकळ्या मागे उलटून वर उभ्या राहिल्या, कडा तव्यावर सुरकुतल्यासारख्या, बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लाल. चार दिवसांत सगळंच शेंदरी. महालक्ष्म्या आल्या होत्या. बायकोनं हातमोजे घालून चार फुलं तोडली आणि मखराला वर, पोरांचा हात पुरणार नाही अशी लावली. पुण्याच्या पाहुण्यांनी नाव विचारलं तेव्हा मी कान टवकारले.

“अग्निशिखा,” ती म्हणाली. “आमच्याकडचीच आहे.”

कार्तिकात वेल वाळली. तिचं एक बरं, उन्हाळ्यात ती वर नसतेच, पुण्याला मुलाकडे गेलेल्या रिटायर माणसांसारखी. जूनमध्ये माती उकरली, तर नवा कंद, दोन फाटे, दोन्हींच्या टोकाला एकेक डोळा. तेवढ्यात अकोल्याहून फोन.

“जावईबापू, निंघाला का कंद? एक फाटा मले ठेवजा.”

“ठेवतो मामाजी.”

“मोठा.”

मी म्हटलं, वेल अमरावतीची, मोठा फाटा अमरावतीला. ते म्हणाले, पातूर अकोला जिल्ह्यात येते. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.