आठजणांनी सांतियागोला कसे पोहोचावे

पायी यात्रा पूर्ण करायची असेल तर ती शेवटाच्या जवळून सुरू करावी, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे संत जेम्सची समाधी आहे अशी श्रद्धा आहे, आणि युरोपभरातून तिकडे जाणाऱ्या वाटांना कामिनो म्हणतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली वाट फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर गावातून निघते, पिरेनीज ओलांडते आणि पावणेआठशेहून अधिक किलोमीटर चालवून महिन्याभराने माणसाला मुक्कामी सोडते. भाबडा यात्रेकरू एवढे सगळे चालतो. जाणता माणूस आधी नियम वाचतो. पायी येणाऱ्याने 100 किलोमीटर चालले की त्याला ‘कोम्पोस्तेला’ हे प्रमाणपत्र मिळते, आणि सारिया हे टुमदार गाव सांतियागोपासून सुमारे 115 किलोमीटरवर आहे. वरचे 15 किलोमीटर हे देवाला दिलेल्या वर्तावळ्यासारखे समजावेत. यात लाजण्याजोगे काही नाही. 2024 साली जवळजवळ 5 लाख लोकांनी हे प्रमाणपत्र घेतले आणि त्यांतले सुमारे तीस टक्के सारियाहूनच निघाले होते. एवढ्या जणांना एकाच वेळी आळशी म्हणण्याचे धाडस करण्यापेक्षा त्यांना व्यवहारी म्हणणे सोपे जाते.

दुसरा सिद्धान्त असा की गट लहान असावा. आठ हा आकडा उत्तम. पन्नास जणांच्या सहलीत नको असलेल्या माणसाला टाळता येते, आठ जणांत ती सोय नाही. ही अडचण नसून या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, पण तो समजण्यापूर्वी सामानाचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. पाठीवरची पिशवी सकाळी हॉटेलच्या दाराशी ठेवावी. ती गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचते. खुद्द स्पेनचे टपाल खातेसुद्धा ही सेवा देते. आपण फक्त पाण्याची बाटली, रेनकोट, चिवड्याची पुडी आणि यात्रेकरूचा परवाना घेऊन चालावे. या परवान्यावर दिवसाला किमान दोन शिक्के लागतात. ते चर्चमध्ये मिळतात तसे वाटेवरच्या कॉफीच्या दुकानातही मिळतात, त्यामुळे दोनदा कॉफी प्यायलेला माणूस कागदोपत्री त्या दिवसापुरता निर्दोष ठरतो.

इथे कोणीतरी उठून म्हणणारच की ही कसली यात्रा, सामान गाडीत, झोप हॉटेलात, खरे कष्ट आमच्या वारीत. आक्षेप घेणाऱ्याने कृपया पालखीबरोबर चालणारे दिंड्यांचे ट्रक आठवावेत. तंबू, भांडी, शिधा, वळकट्या हे सगळे चाकांवरच जाते, आणि त्यामुळे वारकऱ्याचे पुण्य कमी झाल्याची तक्रार आजवर विठ्ठलाने केलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीला शिस्तबद्ध सोहळ्याचे रूप दिले तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू पुरवले. म्हणजे सोय ही भक्तीला लागलेली कीड नव्हे. भक्ती मोठी झाली की व्यवस्था तिच्यामागे येतेच.

युरोपातही तेच. बाराव्या शतकातल्या ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या ग्रंथाचा पाचवा भाग म्हणजे सांतियागोच्या वाटेची मार्गदर्शिका आहे. तिच्या लेखकाने पिरेनीजपासून सांतियागोपर्यंतचा रस्ता अवघ्या 13 टप्प्यांत बसवला आहे. हा हिशेब पायांना मानवणारा नाही, आणि काही टप्पे घोड्यावरून करायचे असे तो स्वतःच सांगून मोकळा होतो. आजच्या माहितीपत्रकात ‘सोपा चढ’ असे छापणाऱ्याचा हा पूर्वजच म्हणायचा. त्याच ग्रंथात कुठल्या नदीचे पाणी घोड्याला पाजू नये, कुठले नावाडी लुबाडतात, कुठल्या प्रांतातली माणसे नीच, हे सगळे तपशीलवार आहे. एका नदीकाठी तर मेलेल्या घोड्यांची कातडी सोलायला माणसे सुऱ्या परजत बसलेली होती, असे तो लिहितो. ज्याला चालणे अजिबात नको असे, तो मृत्युपत्रात पैसे ठेवून दुसऱ्याला आपल्या नावाने पाठवी. आजही आजारी किंवा दिवंगत माणसाच्या वतीने कोणी चालले तर प्रमाणपत्रावर तशी नोंद करून मिळते. एवढा इतिहास पाठीशी असताना एक पिशवी गाडीत टाकल्याबद्दल कोणाला अपराधी वाटण्याचे कारण नाही.

पण मग एक खरा पेच उरतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जुन्या यात्रेकरूला चोर होते, ताप होता, दुष्काळ होता, लबाड खानावळवाले होते. आपल्या गटाने आगाऊ पैसे भरून यातले एकेक संकट रद्द केले. वाट चुकण्याचीही सोय राहिली नाही. 1984 साली ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी रस्ताभर पिवळे बाण रंगवायला घेतले, आणि गटात तर बाणही पाहावा लागत नाही, पुढच्याची टोपी दिसली की पुरे. मग प्रायश्चित्त कशाचे करायचे? उत्तर पहिल्या संध्याकाळी पोर्तोमारीनला जेवणाच्या टेबलावर मिळते. उरलेले सात जण हेच ते प्रायश्चित्त. चोर एकदा लुटून निघून जातो. आपल्या गटातले निवृत्त अभियंता मात्र रोज सकाळी सात वाजता कालची पावले मोजून दाखवतात आणि आज आपण किती मिनिटे उशिरा निघालो हेही सांगतात. पायाच्या फोडाला औषध आहे. फोडावर पाच वेगवेगळे उपाय सुचवणाऱ्या वहिनींवर नाही. जे कष्ट पैसे भरूनही टळत नाहीत तेच खरे तप मानायचे, तर आठ जणांचा गट हा एकट्याने पिरेनीज ओलांडण्यापेक्षा कडक मार्ग ठरतो.

यावर एकटे चालणारे म्हणतील की एकांतात माणूस स्वतःला भेटतो. भेटत असेल. पण ती भेट आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या वेगाने होते आणि कंटाळा आला की संपवता येते. गटातल्या माणसाला आर्सुआपर्यंतच्या सर्वांत लांब, जवळजवळ 29 किलोमीटरच्या टप्प्यावर एकाच माणसाचे जावयाविषयीचे मत दुसऱ्यांदा ऐकावे लागते, आणि तेव्हा आपला स्वभाव आपल्याला जितका स्पष्ट दिसतो तितका कुठल्याही ध्यानात दिसत नाही. वाटेत मेलिदे गावी उकडलेला ऑक्टोपस खाण्याची रीत आहे. गटात दोन शाकाहारी असतील तर हा तास कसोटीचा समजावा आणि त्या वेळी तात्त्विक चर्चा कोणीही काढू नये.

चालण्याचे तंत्र थोडक्यात सांगता येते. सांतियागोभोवतालच्या गालिसिया प्रांतात दगडी खांबांवर उरलेले अंतर किलोमीटरच्या तीन दशांश स्थळांपर्यंत कोरलेले असते. ‘अजून किती?’ हा प्रश्न विचारायची ज्याला सवय आहे त्याला खांब दाखवावा. तीन दशांशांनीही समाधान झाले नाही तर तो प्रश्न अंतराचा नव्हता असे ओळखून त्याला केळे द्यावे. सर्वांत वेगवान माणसाला मागे ठेवावे. त्याला आपण मागे आहोत हे सहन होत नाही, त्यामुळे पुढचे सगळे आपोआप हाकले जातात. पोर्तोमारीनला थांबल्यावर तिथले चर्च जरूर पाहावे. 1960 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली जुने गाव जाणार म्हणून ते दगडांवर आकडे घालून उतरवले आणि वरच्या गावात पुन्हा उभे केले. एवढी वास्तू न भांडता हलवता येते, तर खोल्यांची अदलाबदल करायला हरकत नसावी. शेवटच्या सकाळी लावाकोया लागते. इथल्या ओढ्यात जुने यात्रेकरू शहरात शिरण्याआधी अंग धूत. आता तिथे विमानतळ आहे आणि वाट धावपट्टीला वळसा घालून जाते. विमान उतरताना पाहून कोणीतरी ‘थेट इथेच उतरलो असतो’ हा विनोद करतो. दरवेळी करतो. हसावे.

शेवटच्या चौकात, ओब्रादोइरोत, गटाने एकत्र शिरावे असा आग्रह धरू नये, पण फोटो मात्र एकत्रच काढावा. कॅथेड्रलमध्ये ठरावीक सणांना किंवा देणगी देऊन विनंती केल्यास बोताफुमेइरो हे पन्नास किलोंहून जड धूपपात्र छतापासून झुलवतात. ते ओढायला आठ माणसे लागतात आणि आठही जण एकाच क्षणी जोर लावतात. हे दृश्य गटाने नीट पाहावे. आठ माणसांचे एखाद्या गोष्टीवर एकमत होऊ शकते याचा एवढा जवळचा पुरावा आधीच्या पाच दिवसांत मिळालेला नसतो.

एक आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. पूर्वी सांतियागोला पोहोचणे म्हणजे अर्धी यात्रा होती. तेवढेच अंतर पायी परत जायचे असे. आपल्याकडेही पालखी पंढरपूरहून पायीच आळंदीला परतते, आणि त्या वाटेवर जातानाच्या मानाने फारच थोडी माणसे असतात. ‘यात्रा संपली’ असे म्हणायची सोय विमानाने केली, पायांनी नव्हे. त्यावर उपाय म्हणून काहीजण फिनिस्तेर्रेच्या समुद्रापर्यंत आणखी नव्वदेक किलोमीटर चालतात. आठ जणांच्या गटाला याची गरज नाही. परतीचा प्रवास त्यांनाही एकत्रच करायचा आहे, मध्ये विमान बदलायचे आहे, आणि खिडकीची जागा कोणाची हे अजून ठरलेले नाही.