धातुशोधकाची दिनचर्या व पथ्यापथ्य

उठल्यापासून निजेपर्यंत माणसाने काय करावे, हे आपल्या शास्त्रकारांनी बारकाईने सांगून ठेवले आहे. दातवण किती अंगुळे लांब असावे इथपर्यंत त्यांची नजर पोचली. पण हातात धातू शोधायचे दीड किलोचे यंत्र धरून परक्याच्या शेतात दिवसभर येरझारा घालणाऱ्या गृहस्थाने काय खावे, कुठे बसावे आणि कंबर कशी सांभाळावी, याबद्दल एकही ग्रंथ तोंड उघडत नाही. ही उणीव प्रस्तुत लेखाने दूर होत आहे.

आता माझा अधिकार. मी यंत्र धरत नाही, पिशवी धरतो. यंत्र आमचे थोरले साडू नाना यांचे. नाना मिरजेत डॉक्टर झाले, हाडांचे डॉक्टर म्हणून इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर नॉर्फोकात घर घेतले. तिथल्या मोकळ्या हवेसाठी घेतले, असे त्यांच्या पत्नी, ताई, सांगतात. खरे कारण असे की नॉर्फोकच्या मातीत रोमन आहेत, सॅक्सन आहेत, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंच्या सरकारी याद्यांत या परगण्याचे नाव कायम वरच्या ओळींत असते. आम्ही मुलाकडे लंडनला गेलो की नॉर्फोकची फेरी ठरलेली. दोघी बहिणी घरात गप्पा मारतात आणि दोघे साडू शेतात जातात. पुढील नियम त्या शेतात तयार झाले.

नियम पहिला: ऋतुचर्या. उभ्या पिकात कुणी शिरू देत नाही. त्यामुळे या छंदाचा मोसम ऑगस्टात कापणी झाल्यावर सुरू होतो आणि पुढची पेरणी उगवून वर येईपर्यंत चालतो. म्हणजे इंग्लंडात जे काही थोडे ऊन पडते, ते संपत आल्यावर घराबाहेर पडायचे. शहाण्या माणसाने या नियमापाशीच वाचन थांबवावे.

नियम दुसरा: परवानगी. शेतमालकाच्या परवानगीशिवाय बांधावर पाऊलसुद्धा टाकू नये, आणि काही सापडले तर वाटणी कशी करायची हे आधी कागदावर आणावे. परवानगी रात्री फोनवर मिळालेली असली तरी सकाळी शेतकऱ्याला भेटावे. तो फाटकाला रेलून गव्हाच्या भावाबद्दल बोलतो. आपणही फाटकाला रेलावे. ही पाऊण तासाची विश्रांती कुणाच्याही हिशेबात धरली जात नाही. नाना त्या फाटकावर जितके प्रसन्न दिसतात, तितके पुढे दिवसभरात दिसत नाहीत.

नियम तिसरा: यंत्राची उंची. हा नियम खरोखर महत्त्वाचा आहे, तेव्हा थट्टा नको. ताठ उभे राहावे, खांदा सैल सोडावा. कोपर दांडीवरच्या पाळण्याच्या किंचित वर यावे आणि खालची चकती, म्हणजे कॉइल, बुटांच्या थोडी पुढे जमिनीपासून बोटभर अंतरावर तरंगावी. त्यासाठी वाकावे लागत असेल तर दांडी आखूड आहे. खांदा उचलावा लागत असेल तर ती लांब आहे. संध्याकाळी जी कंबर धरते, ती बहुतेक सकाळी या दोन बोटांत चुकलेली असते. हल्ली किलोच्या आत वजनाची यंत्रे निघाली आहेत. नाना ती घेत नाहीत. जुन्याचा आवाज कानाला ओळखीचा आहे म्हणतात.

नियम चौथा: हात. अंगण झाडणारी बाई खराटा फिरवताना मनगट मोडत नाही, कमरेपासून अंग फिरवते, तसे यंत्र फिरवावे. गती संथ असावी, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला असावा. फेऱ्याच्या दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते, तिथली खोली फुकट जाते आणि मनगटही जाते. अर्ध्या तासाने हात बदलावा. नानांनी नोकरीत असताना कोपर दुखणाऱ्या असंख्य इंग्रजांना हेच सांगितले आहे: एका हाताने तेच ते काम करू नका, पट्टा बांधा, विश्रांती घ्या. तो पट्टा नानांच्याही टेबलाच्या खणात आहे, वेष्टनासकट. हात बदलायची आठवण केली की म्हणतात, “साडूभाऊ, डाव्या हाताला ऐकू येत नाही.”

नियम पाचवा: पाय. मोजे दोन जोड न्यावेत. बाकी नांगरलेल्या ओल्या जमिनीची मर्जी.

नियम सहावा: कान. यंत्राचा आवाज हेडफोनमधून थेट कानात जातो. लोखंड गुरगुरते, चांदी किणकिणते, आणि शीतपेयांच्या डब्यांचे पत्रे, जे नांगराने आणि कापणीयंत्राने फाडून शेतभर पसरलेले असतात, ते चांदीचीच नक्कल करतात. सहा तास हे ऐकून पायांच्या आधी डोके दमते. तेव्हा संवेदनशीलता थोडी कमी ठेवावी आणि तासातून एकदा हेडफोन उतरवून नुसते पक्षी ऐकावेत. नानांना मुळातच कमी ऐकू येते, म्हणून आवाज पूर्ण चढवलेला असतो. “नाना, पाऊस आला!” हे त्यांना मी आजवर एकदाही पहिल्या हाकेला कळवू शकलेलो नाही.

नियम सातवा: आहार. शेताच्या मध्यावर भूक लागल्यास काय खावे, याबाबत दोन संप्रदाय आहेत. नाना यजमान देशाचा मान राखून चीज सँडविच नेतात. ताई न विचारता पिशवीत थालीपीठ, लसणाची चटणी आणि घट्ट झाकणाच्या डबीत लोणी घालतात. बाराच्या सुमारास नाना सँडविच सोडतात, एक घास घेतात आणि विचारतात, “तुमच्याकडे काय आहे?” तस्मात थालीपिठे दोघांच्या अंदाजाने घ्यावीत. पण पोटभर खाऊ नये, कारण दुपारी वाकायचे असते.

आणि आधी हात धुवावेत. हे मी पुन्हा लिहितो: हात धुवावेत. या मातीत शिशाच्या जुन्या गोळ्या असतात, खत असते, मेंढ्यांचे जे असायचे ते असते. बाटलीभर पाणी आणि साबणाची वडी वेगळी न्यावी. आयुष्यभर ऑपरेशनच्या आधी कोपरापर्यंत हात घासलेला माणूस विजारीला तळवे पुसून थालीपीठ तोडतो, तेव्हा मला मिरजेच्या कॉलेजची काळजी वाटते.

चहा थर्मासमध्ये न्यावा, पण जपून प्यावा. इंग्लंडची शेते निर्मनुष्य दिसतात. मात्र कुंपणाआड उभे राहायची वेळ आली की नेमकी तिथूनच पायवाट जाते आणि कुत्रे घेऊन दोन वृद्ध स्त्रिया “छान दिवस आहे” म्हणतात.

नियम आठवा: बसणे. सगळे शास्त्र या एका नियमासाठी आहे.

नाना दमलो म्हणत नाहीत. गुडघा दुखतो म्हणत नाहीत. “जरा बसू या” हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेले ताईंनीसुद्धा ऐकलेले नाही. पण यंत्र वाजले की खाली बसावेच लागते, आणि तो थकवा नव्हे, ते संशोधन. मी पुष्कळ दिवस पाहत आलो आहे. सकाळी नाना करडे असतात. लोखंडाची गुरगुर आली की “खिळा” म्हणून पुढे जातात, अर्धवट किणकिण आली तर दोनदा फिरवून सोडून देतात. दुपारी दोननंतर मात्र प्रत्येक आवाजाला खणतात. खिळ्यालाही खणतात. नानांच्या वहीत खड्ड्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. उद्या ती वही एखाद्या पुरातत्त्वज्ञाच्या हाती पडली, तर रोमन लोक जेवणानंतरच वस्तू पुरत असत असा निष्कर्ष निघेल.

बसण्याची पद्धत अशी. कमरेतून वाकू नये. गुडघ्याखाली जाड गादी ठेवावी, एक गुडघा टेकावा, दुसरे पाऊल जमिनीवर सपाट ठेवावे. कुरणात तीन बाजूंनी माती कापून गवताची झडप उघडावी, म्हणजे काम झाल्यावर ती पुन्हा बंद करता येते. उकरत बसू नये. हातातल्या छोट्या शोधकाने, म्हणजे पिनपॉइंटरने, वस्तू कुठे आहे ते आधी पाहावे. उठताना कुदळीच्या मुठीवर भार द्यावा, बाजूच्या साडूवर देऊ नये.

मग वस्तू हातात येते. बंदुकीच्या काडतुसाची पितळी टोपी. शिशाचा गोळा. बटण. पुन्हा बटण. एकदा 1797 सालची पेनी निघाली, तिसऱ्या जॉर्जची, तांब्याची, जाड काठाची. ही पेनी बरोबर एक औंस वजनाची पाडत, म्हणजे 28 ग्रॅमच्या थोडी वर. खिशात चार असल्या तर विजार खाली यावी. नांगराने आणि खतांनी राजाचा चेहरा पार गेला होता, नुसता गालाचा फुगवटा राहिला होता. नाना अंगठ्याने माती पुसत होते. थुंकी लावून पुन्हा पुसली, उन्हाकडे तिरपी धरली, मला दिली, परत घेतली. “बघा साडूभाऊ, मानेपाशी अक्षरं आहेत.” अक्षरं नव्हती. पण तोवर नानांचा श्वास जागेवर आला होता, कपाळावरचा घाम वाळला होता आणि ते आपणहून उठले. त्या पेनीला बाजारात फार किंमत नाही. मी तिची किंमत दहा मिनिटं अशी लावतो.

तेव्हापासून मीही एक युक्ती करतो. नानांची चाल बदलली, उजवा पाय किंचित ओढला जाऊ लागला, की मी म्हणतो, “नाना, मघाशी त्या कडेला काहीतरी वाजल्यासारखं वाटलं.” आवाज त्यांच्या कानात बंद, मला काय ऐकू येणार! हे त्यांना कळतं. ते माझ्याकडे पाहतात, त्या कडेला जातात, आणि खाली बसतात.

नियम नववा: थांबणे. “एवढी एक पट्टी आणि मग घरी” असे धातुशोधक म्हणतो, तेव्हा किमान तीन पट्ट्या धराव्यात. परतीसाठी तासाभराची ताकद राखून ठेवावी, कारण खड्डे बुजवायचे असतात, फाटक लावायचे असते आणि गाडी सकाळी होती त्याच्या दुप्पट लांब गेलेली असते. उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडला की परवानगी कायमची गेली.

कुरकुर केली की नाना मला स्टॅफर्डशायरचे उदाहरण देतात. 2009 साली टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला तिथल्या शेतात सॅक्सन सोन्याचा साठा सापडला आणि त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. मी त्यांना हॉक्सनचे देतो, ते शेजारच्याच सफोकातले आहे. 1992 सालच्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉज हा त्याचा मित्र यंत्र घेऊन गेला, आणि रोमन काळातली सुमारे 15,000 नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीचे चमचे वर आले. पण लॉज सगळे उपसत बसला नाही. हात आवरून त्याने कळवले, पुरातत्त्व खात्याची माणसे आली, आणि कुठली वस्तू कशाला लागून होती हे सगळे नोंदले गेले. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियमात आहे. या छंदातला सगळ्यात मोठा पराक्रम वेळेवर थांबणाऱ्या माणसाच्या नावावर आहे, असे मी म्हणतो. नाना म्हणतात, “एवढी एक पट्टी.”

नियम दहावा: कायदा. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र सापडली तरी तिथे ती खजिना ठरतात आणि 14 दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. कॉरोनर म्हणजे एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. दुपारी चारनंतरचा नानांचा चेहरा पाहता हे खाते योग्य माणसाकडे आहे. हा लेख वाचून सातारा-सांगलीकडे कुणाला यंत्र घेण्याची हुक्की आली असेल, तर आपल्याकडे 1878 चा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले की कलेक्टरला लेखी कळवावे लागते. आणि संरक्षित गडकोटांवर तर कुदळ लावूच नये. तिथे थालीपीठ घेऊन जावे आणि उघडपणे बसावे.

नियम अकरावा: घरी आल्यावर. बूट बाहेर काढावेत. गरम पाण्याने आंघोळ करावी, गुडघा शेकावा. ताई विचारतात, “दमलात का?” यावर नाना पेपर उघडून म्हणतात, “छे. आज सिग्नल फार होते.” इथे साडूने चहा प्यावा आणि गप्प राहावे.

साहित्य: गुडघ्याची गादी, पाणी, साबण, मोजे, थर्मास, थालीपिठे, आणि एक घडीचे स्टूल. स्टूल पाहून नाना पहिल्यांदा म्हणाले, “इथे काय बसायला आलोय?” म्हणून ते मी वाहतो आणि मीच त्यावर बसतो. पण तासाभराने नाना येतात, स्टुलाच्या धातूमुळे यंत्रात खरखर येतेय का ते बघायचे असते. मला उठवतात, स्वतः बसतात, दांडी मांडीवर घेतात आणि बराच वेळ तपासणी चालते. तेव्हा स्टूल ॲल्युमिनियमचे घ्यावे. लाकडीही मिळते, पण त्याच्याजवळ यायला नानांना कारण मिळत नाही.